मराठी नावाचा लोगो आणि संकेतस्थळ करवून घेताना

व्यवसायाचे नाव मराठीत असेल, तर लोगोतील चुका बहुधा चित्रात नव्हे, अक्षरांत होतात. रोमन अक्षरांचा सराव असलेला डिझायनर नाव भारदस्त दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. नाव दोन ओळींत असेल आणि ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली नसेल, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. 'ल' आणि 'श' यांचे हिंदी वळणही अनेक फॉन्टमधून न विचारता येते. मराठी वळण हवे असल्यास ते आधीच सांगावे, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळत असताना परवाना नसलेला फॉन्ट वापरून पुढची कटकट ओढवून घेण्याचे कारण नाही.

लोगो मंजूर करण्यापूर्वी तो एकाच रंगात, रबरी शिक्क्याच्या आकारात छापून पाहावा, आणि व्हॉट्सॲपच्या गोल चौकटीतही बसवून पाहावा. तेथे नाव वाचता आले नाही, तर छटा, सावल्या आणि बारीक रेषा कमी कराव्यात. संगणकाच्या पडद्यावर मोठा करून दाखवलेला कोणताही लोगो छानच दिसतो, त्यावर भुलू नये. अंतिम फाइल व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणाऱ्या स्वरूपात, मागून घ्यावी. केवळ जेपीजी हाती आली, तर दुकानावरच्या मोठ्या पाटीवर कडा फुटतात.

हक्कांचा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा हक्क केवळ पैसे दिल्याने तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. म्हणून हस्तांतरण कायमचे आहे, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा त्यासारखे नाव आपल्या वस्तूच्या किंवा सेवेच्या वर्गात आधीच नोंदलेले आहे का, हेही पाटी रंगवण्याआधी तपासावे; वस्तू आणि सेवा मिळून असे 45 वर्ग आहेत.

संकेतस्थळावर येणारा ग्राहक प्रायः मोबाइलवर असतो, आणि त्याला पत्ता, वेळ, दर व फोन क्रमांक हवा असतो. ही माहिती सरकत्या चित्रांच्या आणि 'आमच्याविषयी' या मजकुराच्या खाली दडवू नये, आणि क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागेल अशी सोय करावी. दरपत्रक चित्र म्हणून चढवले किंवा जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला, तर तो शोधयंत्राच्या उपयोगाचा राहत नाही. दुसऱ्या प्रकारात तर वाचकालाही निरर्थक चिन्हे दिसू शकतात. सर्व मजकूर युनिकोडमध्येच हवा. पार्श्वभूमी व अक्षरे यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 ला 1 ठेवावे. फिकट करड्या रंगातली अक्षरे उन्हात मुळीच वाचता येत नाहीत.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची इंटरनेटवरील जागा) दोन्ही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्यावे. ते डिझायनरच्या खात्यात राहिले, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि संकेतस्थळ बंद पडल्याचे तुम्हाला ग्राहकाकडून कळते.