कळसूबाईला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आकडा ऐकून लोक घाबरतात पण वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्नच नाही. त्रास होतो तो गर्दीचा आणि उन्हाचा.

पायथ्याचं गाव बारी, अकोले तालुक्यात. मुंबईकरांनी कसाऱ्यापर्यंत लोकल पकडायची, तिथून जीप करून घोटीमार्गे बारी. पुण्याहून येणार असाल तर संगमनेर, अकोले, राजूर असं या. शक्यतो आदल्या रात्रीच पोचा, गावात कुणाच्या तरी घरी जेवायची-झोपायची सोय होते, आणि पहाटे पाचला टॉर्च लावून निघा. आठला निघालात ना, की मग शिड्यांवर लाईन, आणि रविवार असेल तर विचारूच नका.

सुरुवातीला शेतं, मग चढ सुरू, आणि हा चढ काही थांबत नाही. पहिल्या अर्ध्या तासात धावत सुटणारे पुढे दगडावर बसलेले दिसतात, म्हणून गप्पा मारता येतील एवढ्याच स्पीडने चढा. साधारण तीन ते चार तास धरा.

शिड्या लोखंडी आहेत, कठड्यासकट. एका वेळी एकाच पायरीकडे बघायचं आणि मोबाईल खिशात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि कठडा बर्फासारखा गार लागतो, मी एकदा जीन्स घालून गेलो होतो, भिजल्यावर गुडघाच वाकेना! ट्रॅकपँट घाला, बूट ग्रिपवाले. पाणी माणशी तीन लिटर तरी. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर लागते पण तिच्या भरवशावर राहू नका.

वर देवीचं छोटंसं देऊळ, एका वेळी दोन-तीन माणसंच मावतील एवढं. गोष्ट अशी सांगतात की कळसू कोळ्यांची पोर, कामाला राहताना तिनं आधीच अट घातलेली, भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही. एक दिवस तीच कामं करायला लावली तेव्हा ती सरळ डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. नवरात्रात इथे जत्रा असते, तेव्हा ट्रेक म्हणून जाऊ नका, दर्शनाला म्हणून जा.

हवा साफ असेल तर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले ओळीने उभे दिसतात, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी, लांब रतनगड. वारा मात्र भयंकर, विंडचीटर हवाच, माझी टोपी गेली ती गेलीच.

उतरताना शिडीवर तोंड शिडीकडे ठेवा. आणि खालून येणारे हमखास "अजून किती?" विचारतात, त्यांना दहा मिनिटं म्हणू नका प्लीज, आम्हाला चार जणांनी तेच सांगितलेलं आणि तास लागला.