मंडळीत दुरावा आला, तर समेट कसा करावा

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. तेव्हापासून वाढत गेलेला येथील ख्रिस्ती समाज सोयरिकींनी इतका जोडला गेला आहे की, कमिटीच्या बैठकीतील बोलाचाली पुढच्या बारशापर्यंत चार घरांत पोहोचते. म्हणूनच, बंधूने (म्हणजे मंडळीतील, चर्चमधील सहविश्वासूने) अपराध केल्यास एकांतात जाऊन त्याला त्याची चूक दाखवावी, ही बायबलच्या मत्तय १८:१५ मधील पहिली पायरी येथे सर्वांत अवघड असली, तरी तीच आधी चढावी. उलट, बंधूच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करावा, असे मत्तय ५:२३-२४ सांगते; म्हणजे चूक कोणाचीही असो, पहिले पाऊल आपणच उचलायचे.

उपासनेनंतर चर्चच्या आवारात विषय काढू नये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. फोन करून वेळ ठरवावी, एकट्याने जावे आणि घडलेल्या एकाच गोष्टीविषयी बोलावे; आजोबांच्या काळातील जमिनीचा वाद त्यात आणू नये. क्षमा मागताना ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ ही पळवाट टाळून, आपण काय केले ते स्पष्ट सांगावे. प्रश्न वर्गणीच्या हिशेबाचा असेल, तर शब्दांबरोबर पैसेही परत करावेत. बायबलमधील जकातदार जक्कयाने, ज्यांना फसवले असेल त्यांना चौपट देण्याची तयारी दाखवली होती.

अपराध करणाऱ्याने एकांतात ऐकले नाही, तर एकदोन जणांना सोबत न्यावे, पण ते दोघांपैकी कोणाचेही नातलग नसावेत (कोल्हापुरात अशी माणसे शोधायलाच वेळ लागतो). त्यानंतरच विषय मंडळीपुढे न्यावा.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर मात्र पीडित व्यक्तीला एकांतात बोलायला पाठवू नये. तेथे पोलिसांत तक्रार करावी. विश्वासणाऱ्यांनी आपसांतील वाद न्यायालयात नेऊ नयेत, हा पौलाच्या १ करिंथ ६ या पत्रातील बोध गुन्हा झाकण्यासाठी वापरणे मला चुकीचे वाटते.

क्षमा एकट्यालाही करता येते, समेटाला दोघे लागतात आणि विश्वास परत यायला वेळ लागतो. मार्क या सोबत्याला बरोबर न्यावे की नाही, यावरून प्रेषित पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा वेगळे झाले. पुढे पौलानेच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे असे सांगून त्याला बोलावून घेतले. त्यामुळे क्षमा केल्यावर लगेच खजिनदारपद परत देण्याची घाई पाळकांनी करू नये. प्रभुभोजनाच्या दिवशी सर्वांसमोर हस्तांदोलन करायलाही कोणाला भाग पाडू नये.