रुग्णाची संमती आणि नोंदी: सेवकांसाठी मार्गदर्शन
संमतीपत्रावर सही झाली म्हणजे संमती मिळाली, असे मानणे ही मोठी चूक आहे. उपचार कोणता, तो कशासाठी, त्यात धोके कोणते, दुसरे पर्याय काय आणि उपचार घेतलाच नाही तर काय होऊ शकते, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत आधी सांगावे. मग त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत विचारावे. तो नुसती मान डोलावत नातेवाइकांकडे पाहत असेल, तर तिथेच थांबून पुन्हा समजावावे. निर्णय घेण्यास सक्षम असलेल्या प्रौढ रुग्णाच्या जागी नातेवाइकांची सही चालत नाही, आणि त्याचा नकारही तितक्याच आदराने नोंदवावा. जीव धोक्यात असलेला रुग्ण बेशुद्ध असेल, त्याच्या वतीने बोलणारे कोणी नसेल आणि त्याने पूर्वी नकार दिल्याचे माहीत नसेल, तर सहीसाठी उपचार अडवू नयेत. कारण व वेळ मात्र लिहून ठेवावी.

नोंदीतला चुकलेला शब्द गिरवून काळा करू नये. त्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख, वेळ आणि सही करावी, कारण खाडाखोड दिसली की खरी नोंदही संशयास्पद ठरते.

रुग्णाच्या आजाराविषयी लिफ्टमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या गटात, नाव न घेताही, बोलू नये.