डब्ल्यूडब्ल्यूई परत बघायचंय? मग मार खाणाऱ्याकडे बघायला शिका

टेन स्पोर्ट्सच्या जमान्यात रोज डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे ती अमेरिकन कुस्ती, बघणारी आणि मग कधीतरी कुणा मोठ्या भावाने "अरे ते सगळं खोटं असतं" असं सांगितल्यावर बघणं सोडून दिलेली भरपूर माणसं माझ्या ओळखीत आहेत. आता एप्रिल २०२५ पासून ते सगळं भारतात नेटफ्लिक्सवर आलंय तर तीच माणसं मेसेज करतात की कुठून सुरू करू, अर्धे चेहरे ओळखीचेच नाहीत, आणि दोन तास बघितलं तरी कळत नाही लोक एवढे का ओरडतायत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ते खोटं-खरं एकदाचं मिटवून टाकू. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, हे काही गुपित नाही, विन्स मॅकमॅहनच्या कंपनीने, म्हणजे याच डब्ल्यूडब्ल्यूईने, १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर कबूल केलंय की ही करमणूक आहे. पण रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास, आणि त्यावर पाठीवर पडणं हे खरंच पडणं असतं. १९९७ च्या समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये ओवेन हार्टचा एक पाइलड्रायव्हर (समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटायचा मूव्ह) चुकला आणि स्टोन कोल्ड ऑस्टिनच्या मानेला एवढी दुखापत झाली की तो काही क्षण हलूच शकला नाही, आणि पुढे त्याच मानेपायी त्याला २००३ मध्ये नियमित कुस्ती थांबवावी लागली. निकाल ठरलेला आणि शरीर पणाला लागलेलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. दशावतार बघायला बसलेल्या माणसाला राक्षस मरणार हे माहीतच असतं, तरी तो रात्रभर जागतो ना, तसंच.

आता मुख्य गोष्ट. आपण सगळे लहानपणी मारणाऱ्याकडे बघायचो. रॉक बॉटम कसा मारला, चोकस्लॅम किती उंच होता, कुणी कुणाला टेबलातून फेकलं. मोठेपणी बघताना नजर उलटी करा. ज्याला मार बसतोय त्याच्याकडे बघा. रेसलिंगमध्ये याला सेलिंग म्हणतात, म्हणजे समोरच्याचा फटका लोकांना पटवून देणं, आणि माझं ठाम मत आहे की चांगला रेसलर आणि साधा रेसलर यातला फरक नव्वद टक्के इथेच कळतो. फटका कुणीही मारू शकतो. पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर मार खाल्लाय हे पंधराव्या मिनिटाला लक्षात ठेवून, स्वतःचा मूव्ह मारायला उडी घेताना तो पाय किंचित आखडता घेणं, हे फार कमी लोकांना जमतं.

यासाठी पहिली मॅच म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टोन कोल्ड, रेसलमेनिया १३ (रेसलमेनिया म्हणजे यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), मार्च १९९७, शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये झालेली. जुनं पिक्चर क्वालिटी आहे, चालवून घ्या. सबमिशन मॅच आहे, म्हणजे एकाने हार मानल्याशिवाय संपणार नाही, आणि रेफरी केन शॅमरॉक. मॅच सुरू होते तेव्हा कागदावर ब्रेट चांगला माणूस आणि ऑस्टिन शिवराळ गुंड. ब्रेट काय करतो, ऑस्टिनच्या पायामागे लागतो, खुर्ची घेऊन लागतो, रिंगच्या खांबाला त्याचा पाय अडकवून फिगर फोर ही पाय पिळायची पकड लावतो. इथे ऑस्टिनकडे बघा. तो लंगडतो पण मागे सरकत नाही, शिव्या देत देत पुढेच येतो. मग त्याचं डोकं फुटतं, रक्ताने चेहरा भरतो, शेवटी ब्रेट शार्पशूटर, म्हणजे पाय आणि पाठ पिळणारी त्याची पकड, लावतो आणि ऑस्टिन ओरडत वर उठायचा प्रयत्न करतो, एका क्षणी तो सुटतोच आहे असं वाटतं, आणि परत खाली. तो हार मानत नाही, तो बेशुद्ध होतो. बेल वाजल्यावर पण ब्रेट त्याला मारत राहतो, आणि शॅमरॉकने त्याला ओढून बाजूला केल्यावर लोक ब्रेटला बू करत बाहेर काढतात. ऑस्टिन मदतीला आलेल्यालाच स्टनर हा आपला खास मूव्ह मारतो आणि एकटा लंगडत परत जातो आणि सगळं स्टेडियम त्याचं नाव घेतंय. एका मॅचमध्ये हिरोचा व्हिलन आणि व्हिलनचा हिरो झाला, आणि हे माइकवर एक वाक्य न बोलता. हरलेला माणूस कंपनीचा सगळ्यात मोठा स्टार झाला राव. मी ही मॅच कितीही वेळा बघू शकतो.

ही बघितली की दोन शब्द आपोआप समजतात, फेस म्हणजे लोकांनी ज्याच्या बाजूने असावं तो, हील म्हणजे ज्याचा राग यावा तो. बाकीच्या शब्दांची यादी पाठ करत बसू नका, कॉमेंट्री ऐकून ऐकून कळतात.

दुसरी गोष्ट फिनिशरची. प्रत्येकाचा एक शेवटचा मूव्ह असतो आणि तो बसला की खेळ खल्लास हा नियम जितका पाळला जातो तितकी मॅच चांगली. आजकाल कुठल्याही मोठ्या मॅचमध्ये चार चार फिनिशर खाऊन लोक रेफरीने दोन मोजल्यावर (तीन मोजले की हार) उठतात आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण मग पाचव्याची भीती उरत नाही. हे कसं करायचं असतं ते बघायचं तर अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स, रेसलमेनिया २५, २००९. अंडरटेकर टूम्बस्टोन हा त्याचा फिनिशर मारतो, शॉनचे हात दुमडून पिन करतो, म्हणजे त्याचे खांदे खाली दाबून धरतो, आणि शॉन खांदा उचलतो. त्या क्षणाला कॅमेरा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जातो. वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही त्याचे डोळे विस्फारलेले. इथे अंडरटेकरने शॉनचा किकआऊट, म्हणजे ते खांदा उचलून सुटणं, सेल केलाय, उठलेल्या माणसाला मोठं केलंय. पुढच्या वर्षी रेसलमेनिया २६ मध्ये दोघं परत भेटतात, शॉनचं करिअर पणाला लावून, आणि तिचा शेवट दोन्ही मॅचेस लागोपाठच्या दिवशी बघितल्या तर जास्त लागतो.

अंडरटेकरचं निघालंच आहे तर, शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं की अंडरटेकर दोन आहेत. ती अफवा अगदी हवेतून आलेली नव्हती, १९९४ च्या समरस्लॅममध्ये खरंच खोटा अंडरटेकर उभा करून खऱ्याशी लढवला होता. ती मॅच मात्र बघू नका, वाईट आहे.

आणि खली. आपल्याकडे खलीवर बोललं की लोक एकतर अभिमानाने बोलतात किंवा थट्टा करतात, मला दोन्ही पटत नाही. खलीला लांब मॅच कधीच जमली नाही, तो हळू होता, हे खरंय. पण मे २००६ च्या जजमेंट डे या शोमध्ये तो अंडरटेकरला छातीवर एक पाय ठेवून पिन करतो ती मॅच काढून बघा आणि नजर अंडरटेकरवर ठेवा. तो कसा कोसळतो, उठायला किती वेळ घेतो, डोळे कसे हरवतात. हिमाचलचा माणूस अमेरिकेत एका रात्रीत राक्षस वाटायला लागला त्यात खलीच्या उंचीइतकाच अंडरटेकरच्या पडण्याचा वाटा आहे. पुढच्या वर्षी जुलै २००७ मध्ये खली वर्ल्ड हेविवेट चॅम्पियन झाला त्याचा पाया इथे आहे.

आता नवीन काय बघायचं. सगळ्यात जास्त चूक लोक इथे करतात की सरळ या आठवड्याचा रॉ लावतात, आणि मग मध्येच कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणाला कधी फसवलं काही कळत नाही. त्यापेक्षा एक गोष्ट धरा, सॅमी झेनची. एप्रिल २०२२ पासून सॅमी रोमन रेन्सच्या ब्लडलाइनमध्ये, म्हणजे त्याच्या घरच्यांच्या टोळीत, शिरायचा प्रयत्न करतो, आधी सगळे त्याला हसतात, मग तो घरचाच होतो, आणि मग २०२३ च्या रॉयल रंबलमध्ये रोमन त्याच्या हातात खुर्ची देतो की केव्हिन ओवेन्सला मार, ओवेन्स म्हणजे त्याचा जुना दोस्त, दोरीला बेड्यांनी बांधलेला. सॅमी कितीतरी वेळ ती खुर्ची धरून उभा आहे. एकही फटका नाही आणि सगळं स्टेडियम उभं. मग तो रोमनच्या पाठीत घालतो. त्यानंतर जे होतं त्यात त्याच टोळीतल्या जे उसो या रेसलरच्या चेहऱ्याकडे बघा, तो मारायला पुढे येत नाही, तो निघून जातो. इतकी वर्षं रेसलिंग बघतोय, याहून चांगली लिहिलेली गोष्ट मी या कंपनीत बघितलेली नाही. या गोष्टीचे महत्त्वाचे तुकडे यूट्यूबवर डब्ल्यूडब्ल्यूईच्याच चॅनेलवर मिळतात, ते क्रमाने बघा, मग रेसलमेनिया ३९ ची पहिली रात्र बघा जिथे सॅमी आणि ओवेन्स मिळून उसो भावांकडून टॅग टायटल, म्हणजे जोडीचं जेतेपद, घेतात.

रोमन रेन्सबद्दल पण बोललं पाहिजे. हिरो म्हणून लोकांनी त्याला वर्षानुवर्षं नाकारलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो हील झाला, टायटल घेतलं ते १३१६ दिवस सोडलं नाही, थेट एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला कोडी ऱ्होड्सने घेतलं. रोमनची ताकद हळू असण्यात आहे, तो घाई करत नाही, समोरच्याकडे बघून नुसता थांबतो आणि लोक चिडतात. नवीन माणसाला वाटतं की हा काहीच करत नाहीये. दहा मिनिटं द्या त्याला. पण शेवटच्या वर्षा-दीडवर्षात बहुतेक प्रत्येक मॅचमध्ये घरचे लोक मध्ये येऊन जिंकवणार हा प्रकार मात्र अति झाला, ते मी फॅन असूनही म्हणतो.

आवाजाकडेही लक्ष ठेवा, स्टेडियमच्या. गुंथर हा ऑस्ट्रियाचा माणूस, त्याचा चॉप म्हणजे छातीवर उघड्या तळव्याचा फटका, त्याला काही युक्ती नाही, तो लागतोच. सप्टेंबर २०२२, कार्डिफ, शेमसबरोबरची मॅच, हेडफोन लावून बघा. शेमसची गोरी छाती लाल होत जाते आणि प्रत्येक फटक्याबरोबर वेल्सच्या लोकांचा आवाज वाढत जातो, आणि शेमस हरतो तरी उभं राहून टाळ्या त्यालाच मिळतात. परत तेच बघा, मार खाणारा मोठा झाला.

बायकांच्या मॅचेस टीव्हीवर लागल्या की पूर्वी लोक पाणी प्यायला उठायचे, आणि त्यात त्या मुलींची चूक नव्हती, त्यांना वेळच दोन-तीन मिनिटांचा द्यायचे. वेळ दिला की काय होतं ते बघायचं तर बेली विरुद्ध साशा बँक्स, ऑगस्ट २०१५, ब्रुकलिनमधला एनएक्सटीचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्याच नव्या लोकांच्या ब्रँडचा, शो. बेलीच्या हाताला पट्टी आहे आणि साशा सगळी मॅच त्या हाताच्या मागे लागलेली आहे, तो हात पायाखाली तुडवते. एवढं साधं कारण आहे पण तेवढ्यावर सगळी मॅच उभी आहे.

आठवड्याचं वेळापत्रक लावायचं तर रॉ आपल्याकडे मंगळवारी सकाळी असतो आणि स्मॅकडाउन शनिवारी सकाळी. ऑफिसला जाणाऱ्याला लाइव्ह जमत नाही, त्यामुळे संध्याकाळी बघेपर्यंत इन्स्टा उघडू नका, पाच मिनिटांत सगळं कळतं. आणि पूर्ण शो बघायची सक्ती नाही, मी स्वतः रॉमधल्या अर्ध्या गोष्टी पुढे ढकलतो. सुरुवातीचं माइकवरचं बोलणं आणि शेवटची मॅच बघा, मध्ये तुमचा आवडता असेल तर तो. घरी कुणाला बरोबर बसवायचं असेल तर रॉयल रंबल लावा, कारण नियम एका वाक्यात सांगता येतो, तीस जण एकामागून एक येतात, वरच्या दोरीवरून बाहेर जाऊन दोन्ही पाय जमिनीला लागले की आऊट. २०२३ चा लावा, त्यात गुंथर पहिल्या नंबरला येतो आणि ७१ मिनिटं टिकतो आणि तिसावा आलेला कोडी त्याला शेवटी बाहेर काढतो. लहान मुलं बरोबर बसणार असतील तर पलंगावरसुद्धा मूव्ह करायचे नाहीत हे शो सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर कुणी ऐकत नाही. आणि मॅनकाइंड (म्हणजे मिक फोली) विरुद्ध अंडरटेकरची १९९८ ची पिंजऱ्यातली मॅच मुलांना दाखवू नका, आणि नवीन बघणाऱ्या मोठ्यांनाही मी ती पहिली दाखवत नाही. सोळा फुटांवरून पडलेला माणूस बघून धक्का बसतो, पण रेसलिंग काय आहे ते त्यातून कळत नाही, आणि मिक फोलीच्या याहून कितीतरी चांगल्या मॅचेस आहेत.

एवढं पचलं की जपान. न्यू जपान प्रो-रेसलिंग ही तिथली कंपनी, १९७२ मध्ये अँटोनियो इनोकीने सुरू केलेली, दर ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो असतो. तिथलं पब्लिक बऱ्याचदा शांत बसतं, त्याला कंटाळा समजू नका, ते बघतायत. काझुचिका ओकादा विरुद्ध केनी ओमेगा, ४ जानेवारी २०१७, सेहेचाळीस मिनिटांची मॅच आहे आणि सगळा वेळ ओमेगा त्याचा वन-विंग्ड एंजल हा फिनिशर लावायचा प्रयत्न करतो आणि ओकादा प्रत्येक वेळी निसटतो, एकदाही लागू देत नाही. वर मी फिनिशरबद्दल एवढं का ओरडत होतो ते इथे कळेल. दोघांची दुसरी मॅच जून २०१७ ची, एक तास चालून बरोबरीत सुटलेली, तिसरी त्याच ऑगस्टमधली, आणि चौथी जून २०१८, ओसाका. चारही याच क्रमाने बघा, निकाल आधी शोधू नका, आणि एका बैठकीत उरकू नका, आठवड्याला एक पुरे.