उत्पादनात एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप प्रोग्राम होत नसेल तर

आधी चिपची सिग्नेचर (तिचा प्रकार सांगणारे तीन बाइट) वाचून पाहावी. ती १ई ९५ ०एफ अशी यायला हवी. १ई ९५ १४ आल्यास खरेदीत ‘पी’ नसलेली एटीमेगा३२८ आली आहे, असे समजावे. काहीच उत्तर न आल्यास फिक्स्चरच्या (बोर्ड धरणाऱ्या साच्याच्या) पोगो पिना (स्प्रिंगवरच्या संपर्क पिना), ग्राउंड आणि प्रोग्रामिंग सुरू असतानाचा पुरवठा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर तपासावा, कारण मल्टिमीटरला क्षणिक घसरण दिसत नाही.

कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते, त्यामुळे आयएसपीचा (चिप बोर्डवरच प्रोग्राम करण्याच्या पद्धतीचा) वेग २५० किलोहर्ट्झपेक्षा कमी ठेवावा लागतो. घाईपोटी तो वाढवला की काही बोर्ड पास होतात, काही नापास, आणि दोष उगाच चिपच्या माथी मारला जातो. बाह्य क्रिस्टल निवडणारे फ्यूज (चिपच्या मूळ सेटिंगचे बिट) लिहिल्यावरच बोर्ड मुका होत असेल, तर क्रिस्टलचे सोल्डरिंग भिंगाखाली पाहावे. एक्सटाल१ या क्रिस्टलच्या पिनेला बाहेरून क्लॉक दिल्यास चिप बहुधा पुन्हा बोलते.

व्हेरिफिकेशन लॉक बिट (चिपची मेमरी वाचण्या-लिहिण्यावर बंदी घालणारे बिट) लिहिण्यापूर्वीच करावे. वाचनबंदीचे लॉक लागल्यावर फ्लॅश (प्रोग्रामची मेमरी) पडताळता येत नाही, आणि ते काढायला पूर्ण चिप इरेझ करावी लागते.