पुळणीच्या जमिनीत भाजी करताय? मग पाणी थोडं थोडं, पण रोज

आमच्या वेंगुर्ला-मालवण बाजूला माडांच्या मधल्या जागेत भाजी करायची म्हटलं की पहिलं दुखणं पाण्याचं, कारण पुळणीची, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूची जमीन ही नुसती चाळण, वर ओतलं की खाली गेलं. आपली जमीन किती वाळूची ते आधी बघा. काचेच्या बाटलीत अर्धी माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या, पहिल्या मिनिटात तळाला बसते ती बहुतेक वाळूच.

पाटाने वाफे भिजवत बसू नका, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. ठिबक लावा, पण ड्रिपर (नळीवर पाणी ठिबकायची जागा) ३० सेंमीवर घ्या, ६० वाली नळी स्वस्त पडते म्हणून आणलीत तर फसाल, वाळूत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं आणि दोन रोपांमध्ये कोरडंच. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. किती वेळ चालवायचं? बंद केल्यावर तासाभराने रोपाशेजारी हाताने उकरून बघा, दीड वीत ओल असली की बस झालं, कोपरापर्यंत हात ओल्यातच जातोय तर वीज पण वाया आणि खत पण.

खताचंही तेच. मी पहिल्या वर्षी वांग्याला युरिया एकदाच भरपूर दिला, आठ दिवस झाडं काळीभोर, मग पिवळी पडली, युरिया गेला विहिरीत! आता दर आठवड्याला ठिबकमधून जरा जरा सोडतो. शेणखत मात्र दरवर्षी हवंच, गुंठ्याला २००-२५० किलो, वाळूत ते पटकन कुजून संपतं. वरून भाताचा पेंढा नाहीतर गिरिपुष्पाचा पाला अंथरा.

मुळा, लाल माठ, रताळी, कलिंगड मस्त येतात, मुळा तर उपटला की धुवायलाही लागत नाही. वांगी-भेंडी त्याच जागी परत परत नको, वाळूत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक, डोळ्यांना न दिसणारे किडे) फार. रोप उपटून मुळांवर गाठी दिसल्या तर पुढच्या खेपेला तिथे झेंडू लावा, निंबोळी पेंड घाला.

आणि विहिरीला मोठा पंप लावून तासन्‌तास उपसू नका. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं, मे महिन्यात तर हमखास. पानांच्या कडा करपायला लागल्या की फवारणीच्या मागे लागण्याआधी विहिरीचं पाणी तपासून आणा.