डेनालीच्या आधीचा काटा

डेनाली या अलास्कातल्या उंच शिखरावरून आल्यावर सगळे चढाईचं विचारतात. विमानाचं कुणीच विचारत नाही, आणि माझी तयारी कमी पडली ती नेमकी तिथेच.

अलास्कातल्या टॅल्कीटना गावातून स्की लावलेलं ऑटर विमान अर्ध्या-पाऊण तासात काहिल्टना हिमनदीवर, साधारण 2,200 मीटरवर सोडतं. शिखर 6,190 मीटर. हिमालयासारखे हमाल नाहीत, खेचरं नाहीत. तीन आठवड्यांचं सामान थोडं पाठीवर, थोडं घसरगाडीवर ओढायचं. नोंदणी 60 दिवस आधी करावी लागते. गावात रेंजर माहितीसत्र घेतात आणि शौचासाठी डबा देतात. लाजू नका, तो डबा वापरून परत आणायचाच असतो.

मग विमानाच्या हँगरमधला वजनकाटा. बॅगा चढतात, आपणही चढतो. सह्याद्रीत 'असू दे, लागेल' म्हणत सॅक भरायची माझी सवय. आईचा चिवडा आणि डिंकाचे लाडू धरून चार किलो जास्त भरले. जादा पैसे कुरकुरत मोजले. स्टोव्हचं इंधन मात्र सोबत घ्यायचं नाही, ते आधी सांगून ठेवलं की वर बेस कॅम्पवर मिळतं.

नंतर वाट पाहणं. खिंडीत ढग असले की विमान उडत नाही. आम्ही दोन दिवस बसून होतो आणि तिसऱ्या दिवशी 'वीस मिनिटांत निघा' म्हणाले तेव्हा माझे बूट बॅगेच्या तळाशी! हार्नेस, गॉगल, सनस्क्रीन आणि बूट सतत हाताशी ठेवा, कारण उतरता तेच हिमनदीवर.

विमान चढावर उतरतं, उतारावरून उडतं. सामान भराभर बाहेर फेकायचं, आणि पाच मिनिटांत आवाज दरीपलीकडे विरतो. तेव्हा कानात जे वाजतं ते आपलंच रक्त.

पुढे निघण्याआधी परतीचं खाणं मीटरभर खोल पुरा, वर खुणेची काठी, नाव आणि तारीख. उथळ पुरलं तर डोमकावळे उकरतात. हे खाणं ठेवताना हात आखडू नका. आम्ही परतलो तेव्हा ढग बसलेले, चार दिवस विमान नाही. शेजारच्या तंबूतल्या पोलिश पोरांचं खाणं दुसऱ्याच दिवशी संपलं. मग आमच्या चिवड्यातले शेंगदाणे ती आधी वेचून खायची.